न पाहिलेले खेळाडू : भिलाईतील मराठी क्रीडास्मरणाचा विचार

जुन्या खेळाडूंच्या आठवणी काढणे हा क्रीडारसिकांचा जगभरचा परिपाठ आहे. खेळाडूंची आत्मचरित्रे, क्रीडापत्रकारांचे लेखसंग्रह, विक्रमांच्या जंत्र्या यांना ग्रंथरूप लाभते आणि त्यामुळे त्यांची कोठे ना कोठे नोंद होते. चाहत्याच्या तोंडची आठवण मात्र ‘गप्पा’ या सदरात जमा होते व बहुधा सांगणाऱ्याबरोबरच संपते. वस्तुतः या आठवणीला स्वतःचा घाट आहे, थांबण्याच्या ठरलेल्या जागा आहेत आणि श्रोत्याशी केलेला एक अलिखित करारही आहे. लोककथा व पोवाडा यांचा विचार ज्या कसोट्यांनी केला जातो, त्या या आठवणीलाही लावून पाहता येतात. त्यासाठी छत्तीसगढमधील भिलाई हे गाव निवडण्याचे कारण असे की, तेथे हा कथनप्रकार एका विलक्षण अडचणीत सापडलेला दिसतो. ज्या संघाची आठवण काढावयाची तो संघ तेथे कधी नव्हता, आणि जेव्हा तो संघ होता तेव्हा आजचे भिलाई नव्हते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्यासंबंधीचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. या चार वर्षांत दुर्ग जिल्ह्यातील शेतजमिनीवर सेक्टरांमध्ये आखलेले एक नवे नगर उभे राहिले. ‘आजोबांचे मैदान’ म्हणून दाखवावे असे त्या नगरात कोणापाशीच काही नव्हते. बंगाली, तेलुगू, पंजाबी, मल्याळी, ओडिया कुटुंबांप्रमाणे मराठी कुटुंबेही येथे आली. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग दुर्गवरूनच जातो, तेव्हा विदर्भातून येणाऱ्याला ही वाट अनोळखी नव्हती. छत्तीसगढात मराठी त्याआधीही होती. भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यापासून रतनपुरापर्यंत पोचलेला होता, आणि १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख ज्या प्रांतात मोडत होता त्याची राजधानी नागपूरच होती. परंतु कारखान्याबरोबर आलेली मराठी वसाहत ही पगारदारांची होती. तिने बरोबर आणलेल्या सामानात गणपती आणि नाटक होते, तशीच क्रिकेटच्या नावांची एक यादीही होती.

त्या यादीच्या शिरोभागी होळकर संघ होता. आज हे नाव चाळिशीच्या आतील वाचकाला इंदूरच्या स्टेडियममुळे ओळखीचे वाटेल. त्या स्टेडियमला हे नाव २०१० मध्ये दिले गेले. संघ त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी विसर्जित झाला होता. १९४१-४२ ते १९५४-५५ या चौदा हंगामांत होळकर संघाने रणजी करंडकाची अंतिम लढत दहा वेळा खेळली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ अशी चार वेळा जिंकली. संस्थाने गेली तशी संस्थानी संघांची वेळही भरत आली. शेवटच्या हंगामात, इंदूरलाच, मद्रासने होळकर संघाचा ४६ धावांनी पराभव केला. भिलाईचा करार आणि होळकर संघाचा शेवट या दोन्ही गोष्टी १९५५ सालच्याच. हा निव्वळ योगायोग आहे व त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी या विषयाच्या अभ्यासकाला तो सोयीचा आहे, कारण त्यामुळे स्मरणाच्या व्यवहारातून ‘पाहणे’ हा घटक अगदी मुळातच वजा होतो.

होळकर संघ मराठी होता काय? संस्थान मराठी, आश्रयदाते यशवंतराव होळकर मराठी. पण कर्णधार सी. के. नायडू हे नागपूरच्या तेलुगू भाषिक घराण्यातले. त्यांना इंदूरला आणले ते १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी, आणि लष्करात हुद्दा देऊन. मुश्ताक अली इंदूरचे, घरची भाषा उर्दू. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, खंडू रांगणेकर ही नावे मराठी कानाला आपलीच वाटतात. पण त्यांतले निंबाळकर कोल्हापूरचे आणि भांडारकर महाराष्ट्राकडूनही खेळलेले. थोडक्यात, हा संघ नोकरीच्या निमित्ताने एकत्र आलेल्यांचा होता. भिलाईच्या सेक्टरांत राहावयास आलेल्या माणसाला त्या संघात आपली छाया दिसावी यात नवल नाही. अर्थात तो हे अशा शब्दांत कधी बोलणार नाही.

या आठवणीचा प्रारंभ जवळजवळ नेहमी नावांच्या उच्चाराने होतो. नावे एकामागून एक, फलंदाजीच्या क्रमाने, एका ठेक्यात घेतली जातात. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांच्या अभ्यासातून मौखिक महाकाव्यातील ठरीव पदबंधांचा जो सिद्धांत मांडला, त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. नावांची मालिका ही स्मृतीची खुंटी असते. एक नाव विसरले की ठेका चुकतो, आणि ठेका चुकला की श्रोता ते नाव पुरवतो. मराठीपुरते बोलावयाचे तर पोवाड्यातील सरदारांच्या नामावळीशी हिचे नाते अधिक जवळचे आहे. म्हैसूरविरुद्ध १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला व त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके केली : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. धावफलकातून जसाच्या तसा उचललेला हा मजकूरही मोठ्याने वाचला की नामावळीच होतो. हा डाव ‘आठवणाऱ्या’ माणसाला त्यातला एकही चेंडू माहीत असण्याची गरज नसते.

नामावळीनंतर साक्षीची जागा येते. ‘मी पाहिले’ असे म्हणणारा पहिल्या पिढीचा निवेदक आता दुर्मीळ आहे. ‘वडील सांगत’ हा साक्षीचा रूढ पदबंध आहे. ज्ञानाची ही परंपरा ऐकीव असल्याचे निवेदक लपवत नाही, उलट तिचा अभिमानाने उच्चार करतो. बखरकारही असेच करतो. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर जी कठोर टीका केली ती ज्ञात आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने ती रास्तच होती. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने बखरीकडे पाठ फिरविली नाही. कोणती गोष्ट घडली याच्याइतकेच, कोणती गोष्ट घडली असे लोकांना वाटत राहिले, हेही त्याच्या अभ्यासाचे द्रव्य असते.

त्यानंतर येते ते दृश्य. संपूर्ण सामना कोणी सांगत नाही. एक क्षण सांगितला जातो. या बाबतीत १९४४-४५ ची अंतिम लढत पाहण्याजोगी आहे. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध झालेल्या या सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या. विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या. सी. के. यांचे बंधू सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले व ४२८ धावांत ११ बळी घेतले. विजयासाठी ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य समोर असताना होळकर संघाने ४९२ पर्यंत मजल मारली; मुश्ताक अलींचे सामन्यातील ते दुसरे शतक आणि महूच्या छावणीत सैनिक म्हणून असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९. या विक्रमी पसाऱ्यातून लोकांनी काय उचलले? कोणा एका धनिकाने शतकानंतरच्या प्रत्येक धावेला कॉम्प्टनला बक्षीस कबूल केले आणि डाव संपताच ‘तातडीच्या कामासाठी’ गाव सोडल्याची चिठ्ठी मागे ठेवली, ही गोष्ट! तिच्यात बक्षिसाची रक्कम बदलते, चिठ्ठीचा मजकूर बदलतो. नऊशे सतरा चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजाचे श्रम आकड्यांच्या पुस्तकात राहिले आणि पळून गेलेला सावकार कथेत आला. कथेला माणसाचा स्वभाव लागतो, आणि आश्वासन देऊन निसटणारा सावकार मराठी श्रोत्याला सांगून ओळखावा लागत नाही.

दृश्यापाठोपाठ गाऱ्हाणे येते. गाऱ्हाण्यावाचून या आठवणीला पूर्णता नाही. निंबाळकरांची कथा हे त्याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना, ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम नऊ धावा दूर होता. उपाहाराच्या वेळी प्रतिस्पर्धी कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळावयास मिळाला नाही. २०१२ मध्ये कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. या कथेत नायकाला हरवणारा शत्रू कोणी नाही. त्याला खेळूच न देणारा आहे. कर्णाच्या कथेवर पोसलेल्या श्रोत्याला असा नायक विशेष जवळचा वाटतो, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. त्या मोहाला फार वश होण्याचे कारण नाही. परंतु जिंकलेल्या चार करंडकांपेक्षा न मिळालेल्या दहा धावा अधिक वेळा सांगितल्या जातात, एवढे खरे.

गाऱ्हाण्याचे कृतीत रूपांतर झाल्याचा एक प्रसंग याच पिढीच्या खेळाडूशी निगडित आहे. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले, तेव्हा प्रेक्षकांनी ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ अशा अर्थाच्या घोषणा देत निवड समितीच्या दुलीपसिंहांना घेरले, आणि मुश्ताक अलींना संघात घ्यावे लागले. इंदूरच्या खेळाडूसाठी कलकत्त्याचे लोक रस्त्यावर आले. ‘आपला खेळाडू’ ही संज्ञा गाव, भाषा व धर्म यांच्या मर्यादा किती सहज ओलांडते, याचा हा पुरावा होय. मुश्ताक अलींनी ‘क्रिकेट डिलाइटफुल’ हे आत्मकथन १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. सी. के. यांच्याविषयीचे ‘अ डॉटर रिमेंबर्स’ हे पुस्तक, भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९९५ मध्ये लिहिले; तेही इंग्रजीतच.

येथवर ज्या कथनाचे वर्णन केले ते फक्त क्रिकेटचे किंवा फक्त भारताचे मानता येणार नाही. तुलनेसाठी एक दूरचे, पण कारखान्याच्या धुराने भिलाईशी जोडलेले गाव घेता येईल. कॅनडातील हॅमिल्टन हे त्या देशाचे पोलादनगर. तेथील ‘टायगर-कॅट्स’ हा संघ १९५० मध्ये दोन जुन्या संघांच्या मीलनातून झाला. कॅनेडियन फुटबॉल हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून वेगळा : चेंडू लंबगोल, बाजूला बारा खेळाडू, आणि चेंडू मुख्यतः हातांनी नेण्याचा. १ डिसेंबर १९६२ रोजी टोरांटो येथे ग्रे करंडकाच्या अंतिम सामन्यात हॅमिल्टन आणि विनिपेग एकमेकांसमोर असताना सरोवरावरून धुके आले. ते इतके दाटले की ९ मिनिटे २९ सेकंदांचा खेळ बाकी असताना सामना थांबवावा लागला. उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी झाला आणि विनिपेगने २८-२७ असा विजय मिळविला. तिकीट काढून आत बसलेल्या प्रेक्षकांना चेंडू दिसत नव्हता, आणि नेमका हाच सामना त्या खेळाच्या रसिकांच्या स्मरणात ठसून राहिला. न पाहिलेल्याची आठवण ही भिलाईसारख्या स्थलांतरितांच्या नगरापुरती गोष्ट नाही, हे यावरून ध्यानात येईल. मैदानात बसलेला प्रेक्षकही पुष्कळसे पाहत नाही. पुढे तो इतरांच्या सांगण्यातून आपले पाहणे पुरे करतो.

हॅमिल्टनचेच दुसरे उदाहरण आठवणीच्या कठोर बाजूचे आहे. १९६३ च्या अंतिम सामन्यात हॅमिल्टनच्या अँजेलो मोस्काने ब्रिटिश कोलंबियाच्या विली फ्लेमिंगवर झेप घेतली आणि जखमी फ्लेमिंगला मैदान सोडावे लागले. ही झेप नियमात बसणारी होती की खुनशी होती, यावर दोन नगरांचे एकमत कधी झाले नाही. २०११ मध्ये व्हँकूव्हर येथे जुन्या खेळाडूंच्या भोजनसमारंभात फ्लेमिंगचा सहकारी जो कॅप याने मोस्काला व्यासपीठावर फूल देऊ केले. मोस्काने ते धुडकावले आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या दोघांत सर्वांदेखत हाणामारी झाली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची ती घटना खेळाडूंच्याही मनात चाहत्यांनी जपलेल्या रूपातच शिल्लक होती काय, असा प्रश्न येथे पडतो. चाहते आठवण सांगतात आणि खेळाडू ती जगतात, ही विभागणी वाटते तितकी स्वच्छ नाही.

भिलाईला स्वतःचा म्हणावा असा कसोटीवीर मिळाला तो राजेश चौहान. जन्म १९६६ चा, रांचीचा. उमेदीची वर्षे भिलाईत, कारखान्याच्या सेवेत. प्रांतिक क्रिकेट मध्य प्रदेशाकडून. जानेवारी १९९३ ते मार्च १९९८ या काळात हा ऑफस्पिन गोलंदाज २१ कसोटी सामने खेळला. त्यांतील १२ भारताने जिंकले, ९ अनिर्णित राहिले. तो संघात असताना भारत एकही कसोटी हरला नाही. अनिल कुंबळे आणि वेंकटपती राजू यांच्या जोडीला तिसरा फिरकी गोलंदाज म्हणून त्याने ४७ बळी घेतले. त्याच्या गोलंदाजीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले व त्याची कारकीर्द त्या सावटाखाली गेली. ही झाली नोंद. आठवण मात्र वेगळीच आहे. ३० सप्टेंबर १९९७ रोजी कराचीत, प्रेक्षकांच्या दगडफेकीमुळे षटके कमी झालेल्या एकदिवसीय सामन्यात, शेवटच्या षटकात सकलेन मुश्ताकला त्याने मारलेला षटकार आणि भारताचा चार गडी राखून झालेला विजय! हजारो चेंडू टाकलेल्या गोलंदाजाला लोक त्याने बॅटीने मारलेल्या एका चेंडूसाठी ओळखतात.

यात अन्याय आहे का? नोंदीच्या बाजूने पाहिले तर आहे. परंतु कथनाच्या बाजूने पाहिले असता हा षटकार पूर्वोक्त घाटात अचूक बसतो. दुय्यम मानला गेलेला माणूस, परके मैदान, निकराची वेळ आणि एक क्षण. शिवाय हा क्षण भिलाईकरांनी मैदानावर पाहिलेला नाही. दूरदर्शन संचापुढे, सर्वांनी एकाच वेळी पाहिलेला आहे. होळकर संघाच्या आठवणीत ‘वडील सांगत’ ही साक्ष होती, येथे ‘आम्ही सगळे अमक्याच्या घरी बसलो होतो’ ही साक्ष आहे. खेळ कराचीत झाला, आठवण सेक्टरातल्या क्वार्टरची आहे. मोरिस हाल्ब्वाक्स यांनी सामूहिक स्मृतीला स्थळाची चौकट लागते असे प्रतिपादन केले. भिलाईच्या बाबतीत त्यात एवढी भर घालावी लागते की, ही चौकट घटनास्थळाची असण्याची आवश्यकता नाही. ती ऐकण्याच्या जागेचीही असू शकते. सी. एल. आर. जेम्स यांच्या ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) या पुस्तकाचा प्रारंभ येथे आठवतो. त्रिनिदादमधील घराच्या खिडकीतून पाहिलेला मॅथ्यू बाँडमन हा गावचा उनाड फलंदाज जेम्सना आयुष्यभर पुरला, आणि त्या आठवणीत खिडकीही तितकीच महत्त्वाची आहे.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. पुण्यामुंबईच्या रसिकाला बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन उपलब्ध होते. त्याच्या आठवणीत मराठी क्रियापदांनी चेंडू सीमापार जातो. छत्तीसगढातील मराठी श्रोत्याच्या कानावर मुख्यतः हिंदी समालोचन पडत गेले. त्या समालोचनातील एक ठळक आवाज, सुशील दोशी, हाही इंदूरचाच. परिणामी येथील आठवण दुभाषी होते. प्रस्तावना मराठीत आणि ऐन दृश्य हिंदीत, असा तिचा सांधा पडतो; दृश्य संपले की निवेदक पुन्हा मराठीत येऊन उसासा टाकतो. पुढच्या पिढीत मराठी बहुधा या उसाशापुरती उरते. भाषा घरातून कशी जाते याचा विचार करताना पाठ्यपुस्तके व शाळा यांकडे लक्ष जाते. आठवण सांगण्याची भाषा केव्हा बदलली, हे कोणी पाहत नाही.

या आठवणींतून कोण गळते हेही पाहिले पाहिजे. भिलाईने देशाला दिलेला सर्वांत सातत्यपूर्ण संघ पुरुषांचा नाही आणि क्रिकेटचाही नाही. कारखान्याच्या आश्रयाने व प्रशिक्षक राजेश पटेल यांच्या हाताखाली घडलेला महिला बास्केटबॉलचा संघ हा तो होय. तो संघ गावातच खेळला, तेथेच सराव करताना दिसला. म्हणजे ‘पाहिलेले’ खेळाडू येथे होते. तरी नामावळी घेण्याची वेळ येते तेव्हा इंदूरचे न पाहिलेले पुरुष आधी येतात. कथनाचा घाट वीरगाथेकडून उसना घेतल्याची ही किंमत आहे, असे समजावयास हरकत नाही.

हे साहित्य जमवावे कसे, हा अखेरचा आणि व्यावहारिक प्रश्न. धावफलकाशी ताडून चुका दुरुस्त करणे हा सर्वांत सोपा व सर्वांत नासाडीचा मार्ग. मराठी अभ्यासकाला याहून चांगला मार्ग शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमविल्या त्या प्रत्यक्ष सहवास लाभलेल्यांना गाठून, त्यांना विचारून. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर शिष्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले, आणि एकाच लीळेची दोन माणसांनी सांगितलेली दोन रूपे असली तर त्या भिन्न सांगीची ‘वासना’ म्हणून सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंद ठेवण्याची शिस्त महानुभावांनी पाळली. एक पाठ खरा ठरवून दुसरा पुसून टाकण्याची घाई त्यांनी केली नाही. क्रीडारसिकाच्या गप्पांना लीळांच्या पंक्तीला बसवण्याचा येथे हेतू नाही. शिस्त तेवढी घ्यावयाची आहे. कॉम्प्टनच्या बक्षिसाची रक्कम कोणी किती सांगितली, कोणत्या सालच्या माणसाने सांगितली, कोणत्या भाषेत सांगितली, हे सर्व टिपले तर एका वसाहतीच्या मनाचा नकाशा हाती येईल. नायडूंना खेळताना पाहिलेल्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. त्यांचे ऐकलेले आहेत, आणि तेही वृद्ध होत चालले आहेत.

दरम्यान ‘आपला संघ’ या शब्दांचा अर्थ भिलाईत तीनदा बदलला आहे. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेने नागपूर महाराष्ट्राच्या वाटेवर गेले आणि इंदूर व भिलाई एका राज्यात आले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाले, आणि २०१६ मध्ये त्याला रणजी करंडकात स्वतःचा संघ मिळाला. पुढे विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये करंडक जिंकला. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून तो पहिल्यांदा मिळविला, तेव्हा होळकर संघाच्या १९५२-५३ च्या शेवटच्या विजेतेपदाची उजळणी सर्वत्र झाली. विदर्भाच्या पहिल्या दोन विजयांच्या आणि मध्य प्रदेशाच्या या विजयाच्या मागे प्रशिक्षक म्हणून एकच माणूस होता, मुंबईचा चंद्रकांत पंडित. आजोळ नागपूरचे, नामावळी इंदूरची आणि रेशनकार्ड छत्तीसगढचे असलेल्या मराठी माणसाने यांतील कोणता विजय आपला मानावा, याचे उत्तर त्या त्या घरात निराळे मिळेल.

छत्तीसगढचा पहिला रणजी सामना ऑक्टोबर २०१६ मध्ये त्रिपुराविरुद्ध झाला आणि तो छत्तीसगढने नऊ गडी राखून जिंकला. कर्णधार होता अलाहाबादचा मोहम्मद कैफ. त्या हंगामात सामने त्रयस्थ ठिकाणी खेळविले जात असल्यामुळे हा सामना रायपुरात किंवा भिलाईत झाला नाही. तो झाला राजेश चौहानच्या जन्मगावी, रांचीत.